गॅरेजची जमीन सपाट हवी, लेव्हलमध्ये नको

प्रश्न : आमच्या गॅरेजची जमीन काँक्रीटची आहे, ३ मीटर रुंद आणि साडेपाच मीटर लांब. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी टाकलेली. गाडीचं डावं पुढचं चाक येतं तिथे परातीसारखा खोलगट भाग आहे. मधोमध एक उंचवटा आहे, जॅकची चाकं तिथे हमखास अडतात. मागच्या कोपऱ्यात एक तिरकी भेग आहे आणि तिच्या पलीकडची जमीन थोडी खाली गेल्यासारखी वाटते. गाडी ओली आली की खोलगट भागात डबकं साचतं. एक जण म्हणतो, सेल्फ लेव्हलिंगचा माल आणा, ओता, जमीन आपोआप आरशासारखी होईल. दुसरा म्हणतो, वरून सिमेंट-वाळूचा पातळ थर मारून घ्या. कोणाचं ऐकू? मला ग्राइंडर चालवता येतो आणि माल कालवायची लाज वाटत नाही.
— एक वाचिका

उत्तर : ताई, दोघांचंही ऐकू नका. निदान जमीन मोजून होईपर्यंत तरी नाही.

तुमच्या पत्रात तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तुम्हाला दोन्ही सल्लागारांनी तिन्हींवर एकच औषध दिलंय. खोलगट भाग भरायचा असतो, उंचवटा घासायचा असतो आणि खचलेल्या कोपऱ्याचं कारण जमिनीच्या खाली असतं, वर नसतं. शिवाय 'सपाट' आणि 'लेव्हलमध्ये' हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, तिथे घोटाळा होतो. सपाट म्हणजे पट्टी कुठेही ठेवली तरी खाली फट दिसत नाही. लेव्हलमध्ये म्हणजे पाणसळीचा बुडबुडा मधोमध. बैठकीच्या खोलीला दोन्ही चालतं. गॅरेजला नाही. गॅरेजची जमीन सपाट हवी पण तिरपी हवी, दाराकडे किंवा जाळीकडे झुकलेली. गवंडी याला ढाळ म्हणतात. मीटरमागे १ ते २ सेंटीमीटर ढाळ असला की गाडीवरून गळलेलं पाणी स्वतःच्या पायांनी बाहेर जातं.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, पस्तावून सांगतोय. बांधकामांवर देखरेख करण्यात आयुष्य गेलं, तरी मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये हा घोळ मी स्वतःच्या हाताने घातला. त्याला तिथे लाकूडकामाचं टेबल मांडायचं होतं, म्हणून 'एकदम लेव्हल' जमीन हवी होती. मी ओतून दिली. दिसायला अशी देखणी की त्याने दोन दिवस कोणाला आत पाऊल टाकू दिलं नाही. मग पाऊस आला, गाडी निथळत आत आली आणि पाणी चारही दिशांना सारखंच पसरलं. दाराकडे जायचं त्याला काही कारणच उरलं नव्हतं. तासाभरात ते मागच्या भिंतीच्या लाकडी कपाटाखाली. शेवटी मलाच ग्राइंडर घेऊन जमिनीत चर कापावी लागली, ती आजही तिथे आहे आणि मेव्हणा ती प्रत्येक पाहुण्याला दाखवतो.

तर आधी मोजमाप. जमीन झाडून घ्या आणि वरच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओता. पाणी कुठून वाहतं, कुठे थांबतं ते बघा. वाहणारं पाणी ओसरलं की साचलेल्या डबक्यांच्या कडेने लगेच खडूने रेघ मारा, ओल्या काँक्रीटवर खडू नीट उमटत नसेल तर मेणाचा खडू घ्या. पाणी वाळल्यावर मागच्या भिंतीपासून दारापर्यंत, लांबीच्या दिशेने, घट्ट सुतळी ताणा. दोन्ही टोकांना सारख्या जाडीचे लाकडी ठोकळे ठेवा म्हणजे सुतळी जमिनीला टेकणार नाही. दर अर्ध्या मीटरवर सुतळीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा, त्यातून ठोकळ्याची जाडी वजा करा आणि उरलेला आकडा तिथेच जमिनीवर लिहा. मग सुतळी अर्धा मीटर बाजूला सरकवा, पुन्हा तेच. काम कंटाळवाणं आहे, पण तासाभरात जमिनीचा नकाशाच जमिनीवर तयार होतो. एकूण ढाळ किती ते पाण्याच्या पारदर्शक नळीने बघा : एक टोक मागच्या भिंतीशी, एक दाराशी, नळीत बुडबुडा राहू देऊ नका. दोन्हीकडे पाण्याची जमिनीपासूनची उंची मोजा, फरक तोच ढाळ.

आकडे बघितल्यावर बऱ्याच जणांचा अर्धा आजार तिथेच बरा होतो. २ मीटरच्या सरळ पट्टीखाली ४-५ मिलिमीटरची फट असेल आणि पाणी साचत नसेल, तर गॅरेजसाठी ती जमीन चांगली आहे. तिला सोडून द्या.

आता सेल्फ लेव्हलिंगच्या मालाबद्दल. माल वाईट नाही. तो करतो ते पाण्यासारखं करतो, म्हणजे आडवा होतो. तुमच्या गॅरेजला मीटरमागे १ सेंटीमीटर ढाळ आहे असं धरू. साडेपाच मीटरला साडेपाच सेंटीमीटर. सगळीकडे ओतून आडवं करायचं म्हटलं तर दाराशी साडेपाच सेंटीमीटर आणि मागे शून्य, सरासरी पावणेतीन सेंटीमीटरचा थर. साडेसोळा चौरस मीटरवर. असा माल साधारणपणे एका चौरस मीटरला, एका मिलिमीटर जाडीसाठी पावणेदोन किलोच्या आसपास लागतो. गुणाकार करा, पंचवीस किलोच्या तीसहून जास्त पिशव्या होतात. आणि एवढ्या पिशव्या ओतून तुम्ही काय मिळवाल, तर ढाळ घालवाल. वर दाराशी जमीन साडेपाच सेंटीमीटर उचलली गेली की शटर खाली पूर्ण येणार नाही आणि गाडीला आत चढताना पायरी लागेल.

मग नुसत्या खोलगट भागात ओतला तर? इथे जरा डोकं लावावं लागतं. समजा परातीचा व्यास १.२ मीटर आहे आणि ढाळाच्या दिशेने पट्टी ठेवली की मध्ये १५ मिलिमीटर फट दिसते. पण त्या १.२ मीटरमध्ये जमीन १२ मिलिमीटर उतरलेली आहे, म्हणून पाणी खालच्या काठापर्यंतच भरतं आणि डबक्याची खोली जेमतेम ९-१० मिलिमीटर असते. ओतलेला मालही नेमका तिथपर्यंतच भरेल, पुढे सांडून दाराकडे पळेल. डबकं जाईल, हे खरं. पण त्या जागी ढाळ नसलेली एक आडवी चकती तयार होईल, तिच्यावर ओल पसरून बसेल, आणि वरच्या काठाशी पट्टीखाली फट तशीच राहील. शिवाय असे बरेच माल घराच्या आत, वर फरशी किंवा लाकडी पट्ट्या बसवण्यासाठी केलेले असतात. मालावर थेट चाकं फिरणार असतील तर पिशवीवर वाहनांच्या भारासाठी चालतो असं स्पष्ट छापलेलं हवं. छापलेलं नसेल तर चालत नाही असंच समजा.

दुसरा सल्ला, सिमेंट-वाळूचा पातळ थर, त्याहून जुना आणि त्याहून धोक्याचा. जुन्या गुळगुळीत काँक्रीटवर नुसता एक-दीड सेंटीमीटर माल पसरला की सुरुवातीचे काही महिने झकास जातात. मग ठोकून बघा, बद्द आवाज येतो. खालचं काँक्रीट आकसून कधीच शांत झालेलं असतं, वरचा नवा थर मात्र वाळताना आकसतो, त्याच्या कडा उचलल्या जातात आणि चाकाखाली त्याचे पापुद्रे निघतात. वरून कोरडं सिमेंट भुरभुरून घोटणारे तर जास्तच घाई करतात : ती चकाकी म्हणजे कमजोर साय असते, भेगाळते आणि धूळ सोडते.

तुमच्या कामाचा क्रम असा लावा. सर्वात आधी कोपरा.

हातोडीने कोपऱ्याची जमीन ठोकत जा. भेगेच्या पलीकडे आवाज पोकळ येत असेल तर खालचा भराव बसलाय. भराव टाकताना थराथराने ठोकून घट्ट केला (धुमसला) नसेल तर तो पुढे बसतोच, आणि पाणी मुरत असेल तर माती धुऊनही जाते. बाहेर जाऊन बघा, छपराच्या पन्हाळीचं पाणी नेमकं त्याच कोपऱ्याशी पडतंय का. दहातल्या सहा-सात वेळा मला तिथे नळीचं तुटलेलं तोंड दिसलं आहे. ते आधी लांब न्या. मग भेगेवर तीन ठिकाणी आडव्या, बारीक पेन्सिलच्या रेघा मारा, बाजूला तारीख लिहा आणि दोन-तीन महिने थांबा. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकले किंवा एका बाजूला खाली उतरले तर जमीन अजून हलते आहे. हलत्या जमिनीवर कुठलाही माल टिकत नाही, मग त्याची जाहिरात काहीही म्हणो.

हालचाल थांबली असेल आणि खाली पोकळी नसेल तर कोपऱ्याची उंची बाकीच्या खोलगट भागासारखीच भरता येते, भेग तेवढी भरलेल्या थरातूनही वर येऊ द्यायची, म्हणजे तिथे सांधा ठेवायचा. पोकळी असेल तर दोन मार्ग आहेत. काँक्रीटला भोकं पाडून खालून दाबाने सिमेंटचा पातळ माल किंवा फुगणारा फोम भरतात, त्याने खचलेला भाग वरही उचलता येतो. हे यंत्राचं काम आहे, घरी करायचं नाही. पण कोपरा मीटर-दीड मीटरचाच असेल तर मी सरळ कापून फोडेन, भराव थराथराने धुमसेन आणि १० सेंटीमीटर जाडीचं काँक्रीट नव्याने ओतेन. यात हुशारी काहीच लागत नाही, कंबर लागते.

उंचवटा सोपा आहे. ग्राइंडरला काँक्रीट घासायची हिऱ्याची वाटी लावा आणि सुतळीच्या आकड्यांनुसार घासत जा. तीन-चार मिलिमीटर आरामात निघतात. पाच-सहाच्या पुढे खडी उघडी पडायला लागते. दिसायला ठिपकेदार होतं, पण मजबुतीला काही होत नाही. एका जागी वाटी टेकवून उभ्या राहू नका, नाहीतर उंचवट्याच्या जागी खळगा कराल आणि मला दुसरं पत्र लिहाल. धुळीबद्दल मात्र गंमत नाही. काँक्रीटच्या धुळीत वाळूचे जे अतिसूक्ष्म कण असतात ते फुप्फुसात जाऊन कायमचे बसतात. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. ग्राइंडरला धूळ ओढणारं झाकण आणि व्हॅक्यूम जोडा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा धुळीचा मास्क लावा, डोळ्यांना गॉगल, दार उघडं.

आता परात. इथे ओतायचा माल नको, थापीने बसणारा घट्ट माल हवा, म्हणजे तो तुम्ही द्याल त्या ढाळावर उभा राहतो. दुरुस्तीसाठीचा तयार पॉलिमर मॉर्टर घ्या, किंवा एकाला तीन सिमेंट-वाळूत एसबीआर लॅटेक्स (माल जुन्या काँक्रीटला धरून राहावा म्हणून घालायचा रबरी द्रव) घालून कालवा. लॅटेक्सचं प्रमाण डब्यावर असतं तेच, अंदाजपंचे नाही.

खडूच्या रेघेच्या जरा बाहेरून, पट्टी टेकते तिथून, एक चौकोन आखा आणि ग्राइंडरच्या हिऱ्याच्या पात्याने ८-१० मिलिमीटर खोल काप घ्या. आतल्या बाजूचं काँक्रीट छिन्नीने त्या खोलीपर्यंत उडवा. हे काम लोक टाळतात, कारण भरायचा खड्डा आणखी खोल करणं वेडेपणाचं वाटतं. पण माल कडेला कागदासारखा पातळ होत गेला तर पहिल्या वळणालाच चाक ती कड मोडून टाकतं. कडेला माल जाड हवा, त्याला उभी भिंत हवी. उरलेल्या पृष्ठभागावर सगळीकडे छिन्नीचे टाचे मारा, गुळगुळीत काही राहू देऊ नका. मग एक परीक्षा : पाण्याचे थेंब टाका. दोन-तीन मिनिटांत शोषले गेले तर ठीक. मोत्यासारखे उभे राहिले तर तिथे ऑईल मुरलंय. चाकाजवळची जागा आहे, तेव्हा शक्यता बरीच. साबणाच्या पाण्याने आणि तेल काढणाऱ्या द्रवाने घासा, धुवा, पुन्हा थेंब टाका. तरी उभेच राहिले तर तेवढा थर छिन्नीने काढा. तेलावर सिमेंट धरत नाही.

आदल्या रात्री जागा भिजवून ठेवा. सकाळी काँक्रीट गर्द ओलं हवं, पण वर पाणी चमकता कामा नये. असेल ते फडक्याने टिपा. सिमेंट आणि लॅटेक्सची दाट खीर करून ती कडक ब्रशने छिन्नीच्या टाच्यांत घासून बसवा आणि ती चिकट असतानाच वर माल टाका. हे वाक्य पुन्हा वाचा. खीर वाळून गेली तर ती धरून ठेवण्याऐवजी सोडवणाऱ्या पापुद्र्याचं काम करते. म्हणून आधी माल कालवून तयार, मग खीर. वाळली तर खरवडून काढा, त्यावरच पुढे जाऊ नका.

माल मुठीत दाबला तर लाडवासारखा राहील इतकाच ओला. सैल केला तर पसरायला सोपा, पण जास्तीचं पाणी उडून जाताना तो आकसतो आणि वर दुबळी साय सोडतो. कोपऱ्यांत दाबून भरा, ठोका, मग दोन्ही टोकं जुन्या चांगल्या जमिनीवर टेकवून पट्टी करवतीसारखी हलवत ओढा. पट्टी ढाळाच्या दिशेने ठेवली की जुन्या जमिनीचा ढाळ आपोआप नव्या मालात उतरतो, पाणसळ लागतच नाही. नंतर लाकडी रंधा (गवंड्याची मुठीची सपाट फळी) फिरवून सोडून द्या. लोखंडी गुरमाळ्याने घोटून तुळतुळीत करायचा मोह आवरा, ओल्या चाकाला आणि तुमच्या पायाला दोघांनाही खरखरीत जमीन बरी. जुना कापलेला सांधा (भेग सरळ रेषेत यावी म्हणून काँक्रीटमध्ये मुद्दाम पाडलेली खाच) त्या चौकोनातून जात असेल तर तो नव्या मालातही त्याच रेषेत कापा. तुम्ही कापला नाहीत तर तो स्वतः कापेल, वेडावाकडा.

पाणी मारण्याबद्दल लोक ठाम असतात आणि निम्मे चुकतात. नुसत्या सिमेंटच्या मालाला ७ दिवस ओलं ठेवायचं. लॅटेक्स घातलेल्याला एक-दोन दिवस ओल्या गोणपाटाखाली पुरे, मग त्याला हवेत वाळू द्यायचं, कारण लॅटेक्सचा पडदा वाळतानाच तयार होतो. तयार मॉर्टरचं पिशवीवर लिहिलेलं असतं, तेही वाचा. गाडी आठवडाभर बाहेर. आणि पहिले काही दिवस गाडी उभी असताना स्टिअरिंग जागच्या जागी फिरवू नका, नव्या पृष्ठभागाला त्याचा पीळ सर्वात जास्त बसतो.

झालं की पुन्हा दोन बादल्या पाणी ओता.

प्रश्न : गॅरेजची जमीन थोडी वरखाली आहे. वर चकचकीत इपॉक्सी रंग दिला तर ते झाकलं जाईल का?

उत्तर : उलट. मळकट काँक्रीटवर जे दिसत नाही ते चकचकीत रंगावर दिव्याच्या उजेडात लाटांसारखं दिसतं. रंगाचा थर मिलिमीटरच्याही आत असतो, तो काय भरणार? द्यायचाच असेल तर आधी जमीन घासून सारखी करा. नव्या काँक्रीटवर देणार असाल तर २८ दिवस जाऊ द्या. जुनी जमीन असेल तर दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून किमान १६ तास ठेवा. उचलल्यावर खाली ओल दिसली किंवा काँक्रीट काळपट झालं तर खालून ओलावा येतोय, आणि साधा इपॉक्सी तिथे फोडासारखा फुगेल. अॅसिडने जमीन खरखरीत करायचा सल्ला कोणी दिला तर मी तो घेणार नाही. त्याच्या वाफांनी गॅरेजमधली सगळी हत्यारं गंजतात आणि नीट धुतलं गेलं नाही तर रंगच सुटतो. त्यापेक्षा घासणं बरं. तरी वापरलंतच, तर पाण्यात अॅसिड घालायचं, अॅसिडमध्ये पाणी कधीही नाही.

प्रश्न : माझं कामाचं टेबल गॅरेजमध्ये डुगडुगतं. जमिनीला ढाळ आहे. जमीन लेव्हलमध्ये करून घेऊ का?

उत्तर : माझ्या मेव्हण्याची गोष्ट वर आली आहे. टेबलाच्या पायांना आट्यांनी उंची कमीजास्त होणारे बूट बसवा, दहा मिनिटांचं काम आहे. गाडी जॅकवर घेत असाल तर मात्र जमिनीवरची सर्वात सपाट जागा शोधून तिथेच घ्या, चाकांना उट्या लावा आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, स्टँड लावा.